रहाड आमची, पुसणारा तो कोण?

ताई,

मी जुन्या नाशकातला. नोटप्रेसमधून निवृत्त होऊन काही वर्षे झाली. मुलाने विकिपीडियावर लिहायला शिकवले. नाशिकच्या रंगपंचमीबद्दल तिथे मराठीत जे होते ते फारच त्रोटक होते, म्हणून आमच्या गल्लीतल्या रहाडीवर (रंगपंचमीला रंगाचे पाणी भरायचा जमिनीतला हौद) एक परिच्छेद लिहिला. मान कोणाचा, रहाड कधी उघडतात, रंग कसा उकळतात, धप्पा कसा मारतात (म्हणजे हौदात उडी) आणि सण झाला की ओंडके टाकून, माती लोटून ती कशी बुजवतात, सगळे लिहिले. शहरातली सर्वांत जुनी रहाड आमचीच, हेही लिहिले, कारण ती आहेच. दुसऱ्या दिवशी परिच्छेद गायब! ‘मूळ संशोधन (म्हणजे आधी कुठे न छापलेले), संदर्भ नाही’ एवढेच कारण. मी परत घातला, त्याने परत काढला. ‘तू नाशिकला कधी आलास का?’ असे मी विचारले. उत्तर नाही, पण परिच्छेद पुन्हा उडाला. त्याच्या बाजूने आणखी एक जण उभा राहिला. हा कंपूच आहे.

आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे टाकल्यापासून पोरे पेटली आहेत. म्हणतात, सगळे खाती उघडतो, दर तासाला एक जण परत घालेल, बघू किती काढतो. एकाने तो कुठल्या कॉलेजात शिकतो हे शोधून काढलेय, नंबरही मिळेल म्हणतो. मुलगा म्हणतो, बाबा सोडा. बायको म्हणते, एवढ्यासाठी बीपी वाढवून घेऊ नका. पण लहानपणापासून ज्या रहाडीत उड्या मारल्या, ती ‘पुराव्याअभावी’ पुसायचा अधिकार या परक्या पोराला कोणी दिला? तक्रार कुठे करू?

एक नाशिककर

काका,

पत्रातले गल्लीचे नाव मी गाळले आहे. ते छापले असते तर उरलेल्या सगळ्या रहाडींकडून मला पत्रे आली असती, आणि प्रत्येकात ‘सर्वांत जुनी आमची’ असेच असते.

आधी त्या नंबराचे बोलू, कारण बाकीचे थांबू शकते. फोन करायचा नाही. कॉलेजचे नाव ग्रुपवर कोणी टाकले असेल तर ते आजच काढायला लावा. विकिपीडियावर टोपणनावाने लिहायचा हक्क प्रत्येकाला आहे. टोपणनावामागचा माणूस हुडकून त्याची ओळख, पत्ता, शिक्षणाची किंवा नोकरीची जागा उघड करणे हा तिथल्या सर्वांत गंभीर गुन्ह्यांपैकी एक समजला जातो. त्यासाठी खाते कायमचे बंद होऊ शकते, आणि ते झाले तर चूक कोणाचीही असो, तुमची बाजू त्याच दिवशी संपते. नियम बाजूला ठेवला तरी चित्र बघा. एकीकडे विशी-बाविशीचे पोरगे, दुसरीकडून एका मंडळाच्या पोरांचे फोन. एका परिच्छेदासाठी? तुम्ही समोर असता तर हे होऊ दिले नसते. ग्रुपवर तुमचा शब्द चालतो असे पत्रावरून दिसते. तो आता वापरा.

दुसरे, ती दर तासाची पाळी. पोरांना वाटतेय की हे मतदान आहे, जास्त हात वर झाले की जिंकलो. विकिपीडियावर डोकी मोजत नाहीत. एकाच दिवशी उघडलेली दहा-वीस खाती एकाच पानावर येऊन एकच परिच्छेद चिकटवू लागली, तर कोणाही जुन्या संपादकाला ते पाच मिनिटांत कळते. ‘इतिहास’ या टॅबवर प्रत्येक बदलाची वेळ, करणाऱ्याचे नाव आणि किती मजकूर वाढला-घटला हे ओळीने लिहिलेले असते. मग प्रचालक (तिथल्या व्यवस्थापकांना मराठीत हेच म्हणतात) पानाला कुलूप लावतात आणि ती सगळी खाती एकाच माणसाची समजून बंद करतात. पोरे खरी आहेत, वेगवेगळी आहेत, हे सिद्ध करत बसाल तोवर पुढची रंगपंचमी येईल. आणि कुलूप नेहमी चुकीच्या आवृत्तीवर लागते, हा विकिपीडियावाल्यांचा जुना विनोद आहे. दोन्ही पक्षांना तसेच वाटते.

आता मूळ दुखण्याकडे येते. ‘इतिहास’मध्ये तुम्हाला तुमच्या परिच्छेदासमोर लाल रंगात एक आकडा दिसला असेल, उणे अठराशे की दोन हजार. तो पाहून पोटात कालवते, मला माहीत आहे. मीही तिथे लिहिते. तेवढ्यापुरता एक दिलासा घ्या. तो आकडा शब्दांचा नसतो, बाइटचा असतो, आणि देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट खाते. इंग्रजीत जेवढ्या मजकुराला उणे सहाशे दिसेल तेवढ्यालाच मराठीत उणे अठराशे दिसते. आपल्याकडे प्रत्येक घाव तिप्पट रंगवून दाखवतात म्हणा ना. शिवाय ते गेलेलेही नसते. जुनी आवृत्ती ‘इतिहास’मध्ये जशीच्या तशी असते. आज तिथून ती उचलून आपल्या संगणकावर ठेवा, पुढे लागणार आहे.

तेवढेच टिकाऊ आहे तुमचे ‘तू नाशिकला कधी आलास का?’ हे वाक्य. बदलाचे कारण लिहायच्या त्या छोट्या चौकटीत तुम्ही ते टाकलेत, आणि तिथे टाकलेले नंतर आपल्याला खोडता येत नाही. उद्या तुम्ही चावडीवर (तिथल्या सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर) दाद मागायला गेलात, तर येणारा तिऱ्हाईत आधी तेच वाचेल. त्या चौकटीत ‘अमुक तारखेच्या बातमीचा संदर्भ जोडला’ असले कोरडे काहीतरी लिहायचे. भांडायचेच असेल तर शेजारी ‘चर्चा’ नावाचे अख्खे पान रिकामे पडलेले असते. तुम्ही दोघेही तिकडे एकदाही फिरकला नाहीत, हे मला तुमच्या पत्रातले सर्वांत खटकले. इतके दिवस एकमेकांचे पुसत बसलात आणि एकमेकांशी एक पूर्ण वाक्यही बोलला नाहीत.

तुम्ही विचारता, त्याला अधिकार कोणी दिला. तुम्हाला ज्याने दिला त्यानेच, म्हणजे कोणीच नाही. केतकरांच्या ज्ञानकोशात किंवा वाईच्या विश्वकोशात शेवटचा शब्द संपादकांचा. त्यांच्याकडे अर्ज करता येत होता, रुसता येत होता. २००१ मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियात आणि १ मे २००३ पासूनच्या त्याच्या मराठी आवृत्तीत तशी खुर्चीच ठेवलेली नाही. प्रचालक असतात, ते उपद्रव थांबवतात, पण रहाड किती जुनी याचा निवाडा करत नाहीत. मग ठरवायचे कसे? तर लिहिणाऱ्याला काय ठाऊक आहे हे विचारायचेच नाही. कोल्हापूरचा, नागपूरचा, कधीही नाशिकला न आलेला वाचक ते कुठे पडताळून पाहू शकेल, एवढेच विचारायचे. हा उपाय रुक्ष आहे, मान्य. पण अनोळखी लोकांनी मिळून काही लिहायचे तर दुसरा सापडलेला नाही.

आणि हा नियम कसा अंगाशी आल्यावर पक्का झाला तेही ऐका. इंग्रजी विकिपीडियावर एक फार मान असलेले संपादक होते. आपण विद्यापीठात धर्मशास्त्राचे प्राध्यापक आहोत असे ते सांगत आणि वाद झाला की त्या अधिकाराने बोलत. २००७ मध्ये उघड झाले की ते चोवीस वर्षांचे तरुण होते, प्राध्यापक वगैरे काही नव्हते. तेव्हापासून ‘मी अमुक आहे म्हणून माझे ऐका’ याला तिथे आधी होती तेवढीही किंमत उरली नाही. तुम्ही खरेच जुन्या नाशकातले आहात, पण पडद्यावर खरा नाशिककर आणि नाशिककर असल्याचे सांगणारा हे दोघे सारखेच दिसतात. तुम्ही तर प्रेसमधले. शेजारच्याने ‘मोजलेत हो मी’ म्हटले म्हणून गड्डी तशीच पुढे सरकवली होती का कधी? दुसऱ्याने मोजले म्हणून पहिल्याचा अपमानही झाला नव्हता.

आता त्या परिच्छेदाचा निकाल माझ्या परीने देते. ‘सर्वांत जुनी’ हे शब्द जायलाच हवे होते. तुम्ही म्हणता ती आहेच. तिवंध्याचे, शनी चौकाचे, दिल्ली दरवाज्याचे लोकही आपापल्या रहाडीबद्दल तितक्याच खात्रीने बोलतील, आणि त्यांच्याही आजोबांनी त्यांना तसेच सांगितले असेल. यात एक धोका आहे जो तुमच्या लक्षात आला नसेल. समजा, ते शब्द कोणी काढलेच नसते. रंगपंचमीच्या आदल्या दिवशी एखादा घाईतला बातमीदार विकिपीडिया उघडतो, ‘शहरातली सर्वांत जुनी रहाड’ असे उचलतो, छापतो. पुढच्या वर्षी कोणीतरी तीच बातमी विकिपीडियावर पुरावा म्हणून जोडतो. तुमचे वाक्य फिरून तुमच्याच वाक्याला साक्षीदार झाले. असे जगभर घडले आहे, आणि एकदा घडले की ते निस्तरणे महाकठीण. तुमच्या गल्लीचा दावा खरा असला तरी तो असा रुजू नये, कारण उद्या दुसऱ्या गल्लीचा खोटा दावाही याच वाटेने रुजेल.

बाकीचा मजकूर मात्र उडवायला नको होता. एरवी वाहत्या रस्त्याखाली लाकडांनी आणि मातीने झाकलेला हौद, त्यावरून वर्षभर रिक्षा-मोटारसायकली जातात, आणि फाल्गुन वद्य पंचमी जवळ आली की तो उकरून, धुऊन, पूजा करून त्यात रंगाचे पाणी भरतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, मान ठरलेला. लोक कडेवरून धप्पा मारतात तेव्हा पाणी आजूबाजूच्या वाड्यांच्या भिंतींपर्यंत उडते. ही माहिती वादग्रस्त नाही, कोणाची बदनामी करत नाही, आणि वर्तमानपत्रांत दरवर्षी येते. अशा मजकुराला ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावून ठेवायची सोय आहे, आणि ती अशाच प्रसंगासाठी आहे. एका वाक्यातल्या दोन शब्दांपायी पूर्ण परिच्छेद कापणे हा आळस झाला. त्याला नियम ठाऊक होता, पण परिच्छेद वाचायचा धीर नव्हता.

कंपूचे म्हणाल, तर ती भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. लहान भाषांच्या विकिपीडियावर माणसे मोजकी, आणि मूठभरांनी ठरवले तर ते सगळ्या ज्ञानकोशाला एका बाजूला झुकवू शकतात. क्रोएशियन विकिपीडियावर हे वर्षानुवर्षे झाले, आणि २०२१ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनला त्यावर अहवाल काढावा लागला. पण तिथे प्रचालकच एका विचाराचे होते आणि विरोध करणाऱ्यांना हुसकावत होते. तुमच्याकडे काय झाले? दोन जणांनी एकच गोष्ट सांगितली, संदर्भ द्या. दोन माणसे सहमत झाली की कंपू होत नाही. अहो, तुमच्या ग्रुपवर तर दोनशे जण तुमच्याशी सहमत आहेत.

तुमचे भांडण खरे तर सोप्या जातीचे आहे. अवघड जातीचे कसे असते ते गावातच बघा. पांडवलेण्यांचे पान घ्या. लोकांच्या तोंडी पांडवलेणी. शिलालेखांत त्या डोंगराचे नाव त्रिरश्मी, आणि ती चोवीस लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख, दहाव्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या दानाचे लेख. पांडवांचा तिथे संबंध नाही, म्हणून नाव बदला, असे म्हणणारे आहेत. सगळे गाव, बसचा कंडक्टर आणि रिक्षावाला ज्या नावाने ओळखतात ते नाव ठेवा, असे म्हणणारेही आहेत. दोघांकडे पुरावे आहेत आणि दोघांच्याही मागे मन अडकलेले आहे. किंवा काळाराम मंदिराचे पान. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सत्याग्रह त्या पानाच्या सुरुवातीला यावा की खाली ‘इतिहास’ या मथळ्यात, हे कोणत्या संदर्भावरून ठरवणार? तिथे वजनाचा प्रश्न असतो. कोण काय म्हणतो हे ज्याच्या-त्याच्या नावाने लिहायचे, जाणकारांच्या लिखाणात ज्याला जितकी जागा मिळते तितकी इथेही द्यायची, आणि निवाडा वाचकावर सोडायचा. त्यात महिने जातात. इंग्रजीत दह्याच्या पानाचे स्पेलिंग एका अक्षराने लांब ठेवायचे की आखूड, यावर वर्षानुवर्षे जुंपली होती, ती २०११ मध्ये मिटली. दह्यावरून!

तुमच्या प्रकरणात वजनाचा काही प्रश्न नाही. कागद नाही, एवढेच. म्हणून कागद आणायचा.

त्यासाठी घरापासून लांब जायला नको. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून तुमच्याच गावात आहे. तिथे जाऊन नाशिकच्या जुन्या दैनिकांचे, ‘गावकरी’चे, ‘देशदूत’चे रंगपंचमीच्या आगेमागचे अंक मागा. मार्चमधले, क्वचित एप्रिलच्या सुरुवातीचे आठ-दहा दिवस बघायचे, वर्ष कुठलेही. बातमीत रहाड कशी उघडतात, कुठला रंग, कोणाचा मान, यातले जेवढे असेल तेवढे दैनिकाचे नाव, तारीख, पान क्रमांक यांसह वहीत उतरवा. फोनने फोटो काढला तरी चालेल, पण तो स्वतःच्या पडताळणीसाठी. तो विकिपीडियावर चढवायचा नाही, बातमीचा हक्क दैनिकाचा असतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकचा खंड १८८३ चा आहे, इंग्रजीत आहे, इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो. जुन्या शहराचे वर्णन वाचायचे असेल तर तो चाळा. त्यात रहाड सापडली तर सोन्याहून पिवळे. न सापडली तर ती तेव्हा नव्हती असा अर्थ होत नाही. साहेबाला रंगपंचमीत कितपत रस असणार! पेशवाईचा उल्लेख करायचा तर ‘पेशवेकाळापासून चालत आल्याचे सांगितले जाते’ असे लिहा आणि ते कुठे छापले आहे ते पुढे द्या. ‘सांगितले जाते’ लिहिल्याने रहाड लहान होत नाही.

तुम्ही म्हणाल, जे माझ्या डोक्यात आहे आणि कुठेच छापलेले नाही, त्याचे काय? मान असणाऱ्या घरातल्या म्हातारीने सांगितलेले, रंगात कुठली फुले पडायची ते, बंद पडलेल्या रहाडी कुठल्या घरासमोर होत्या ते. हा प्रश्न खरा आहे आणि आपल्यासारख्या देशात फार मोठा आहे, कारण आपल्याकडचे कितीतरी ज्ञान तोंडातोंडीच राहिले. २०११ मध्ये लेखक-कार्यकर्ते अचल प्रभाला यांनी भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत याचा प्रयोग करून पाहिला. जाणत्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या आणि विकिपीडियावर त्याच संदर्भ म्हणून द्यायच्या. तेव्हा चर्चा बरीच झाली, पण नियम म्हणून ते रुजले नाही. यात विकिपीडियाची बाजू लंगडी आहे असे माझे मत आहे. जिथे छापखाने भरपूर तिथले सण आधी ज्ञानकोशात येतात, आणि जिथे आजी सांगते तिथले मागे राहतात.

पण लंगडी बाजू सुधारेपर्यंत हातावर हात धरून बसू नका. दुतोंड्या मारुतीचे उदाहरण घ्या. गोदेला पूर आला की नाशिककर पाण्याची उंची फुटांत विचारत नाही. मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याला आले, असे विचारतो. हेही तोंडी ज्ञानच आहे. तरी ते विकिपीडियावर बिनदिक्कत लिहिता येईल, कारण दर पावसाळ्यात वर्तमानपत्रे तेच माप छापतात. आपल्या डोक्यातले कागदावर आले की त्याला पाय फुटतात. तेव्हा गल्लीतल्या जुन्या माणसांना बसवा, रेकॉर्ड करा, आणि स्थानिक इतिहासावर लिहिणाऱ्या कोणाला तरी हाताशी धरून त्याचा नीट लेख होऊ द्या. दैनिकाची रविवार पुरवणी, दिवाळी अंक, कुठेही, फक्त मध्ये एखादा संपादक बसलेला हवा. तुमची फेसबुक पोस्ट किंवा मंडळाची स्मरणिका धरली जाणार नाही. लेख तुम्हीच लिहिलात तर त्याचा संदर्भ स्वतः जोडू नका. चर्चा पानावर सांगा, ‘हा माझा लेख आहे, कोणाला योग्य वाटला तर वापरा’. कोणीतरी वापरतो.

आता त्या पोराशी बोलायचे. पानाला हात लावायच्या आधी चर्चा पानावर जा आणि साधारण असे लिहा:

‘नमस्कार. रहाडीचा परिच्छेद मी लिहिला होता. संदर्भ नव्हता म्हणून तुम्ही काढलात, ते कारण मला मान्य आहे. रागाच्या भरात मी जे विचारले ते विचारायला नको होते. ‘सर्वांत जुनी’ हे शब्द मी पुन्हा घालणार नाही. रहाड उघडणे, रंग आणि बुजवणे हे तीन मुद्दे मी खालील बातम्यांच्या आधारे नव्याने लिहिले आहेत, मसुदा इथेच देतो. कुठले वाक्य संदर्भाबाहेर जाते असे वाटले तर ते वाक्य दाखवा. आठवडाभर थांबतो.’

शेवटी चार टिल्डा (~~~~) टाका, म्हणजे तुमचे नाव आणि वेळ आपोआप उमटते. मसुदा आधी आपल्या सदस्य धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) करून बघितलात तर आणखी बरे, तिथे कितीही चुकलात तरी कोणी येऊन पुसत नाही. ‘वाक्य दाखवा’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. पूर्ण परिच्छेद एका झटक्यात उडवणे सोपे असते, एक वाक्य दाखवून त्यात काय चुकले हे सांगणे अवघड. ज्याच्यापाशी खरे कारण असेल तो सांगेल, नसेल तो गप्प बसेल.

आठवडाभरात काही आले नाही तर मसुदा पानावर चढवा. संदर्भ जोडूनही त्याने पुन्हा काढला, तर मात्र परत घालत बसू नका. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवाउलटवी केली की खाते बंद होऊ शकते, आणि बरोबर असलेल्यालाही त्यातून सूट नाही. मराठीत माणसे कमी, म्हणून सगळे चोख मोजले जाईलच असे नाही, पण कोणी मोजले तर आकडा तुमच्या अंगावर नको. चावडीवर जा, चार ओळींत सांगा, चर्चा पानाचा दुवा द्या आणि तिसऱ्या कोणाला तरी मत विचारा. तिथे त्याच्या वयाबद्दल, गावाबद्दल, हेतूबद्दल एक अक्षरही नको. प्रचालकांकडे तक्रार त्याही नंतर, आणि तीही मजकुराची नाही, वागण्याची.

हे वाचून तो काय करेल, याची खात्री मी देऊ शकत नाही. तुमच्या पत्रावरून तो मला दुष्ट वाटला नाही, घाईतला वाटला. अशी पोरे रात्री कॉलेजचा अभ्यास सोडून नव्या बदलांची यादी खाली-वर करत बसतात. त्यात जाहिराती असतात, शिव्या असतात, स्वतःच्या नावाचे पान काढणारे नगरसेवक इच्छुक असतात, आणि त्याच गर्दीत एखाद्या काकांची रहाड असते. पगार कोणालाच नाही. हे सदर त्याच्या वाचनात आले तर त्याच्यासाठीही दोन शब्द आहेत. बाळा, ‘मूळ संशोधन’ हा शब्द तुला रोजचा आहे, निवृत्तीनंतर पहिल्यांदा टाइप करायला शिकलेल्या माणसाला तो आरोपासारखा लागतो. ‘काका, छान लिहिलंय, फक्त हे कुठे छापून आलंय ते सांगाल का?’ एवढे त्यांच्या सदस्य चर्चा पानावर टाकायला तुला मिनिट लागले असते. रहाडीवर लिहू शकणारे नाशिककर मराठी विकिपीडियाकडे रांगा लावून उभे नाहीत. होता तो एक आला, आणि तू त्याला पहिल्याच दिवशी दारातून परत पाठवलास.

मंडळाच्या पोरांचा उत्साह वाया घालवू नका, काका. एक काम असे आहे जिथे स्वतः पाहिलेले चालते, आणि तिथे संदर्भ कोणी मागत नाही. फोटो. विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या फोटोंच्या भांडारावर) स्वतः काढलेला फोटो मुक्त परवान्याखाली चढवता येतो आणि मग तो कुठल्याही भाषेच्या विकिपीडियावर लावता येतो. दुसऱ्याने काढलेला, फॉरवर्ड होऊन आलेला किंवा स्टुडिओचा शिक्का असलेला चालणार नाही. येत्या रंगपंचमीला पोरांना कामे वाटून द्या: एकाने ओंडके काढताना, एकाने हौद धुताना, एकाने रंगाचे पातेले उकळताना, आणि शेवटी पुन्हा माती लोटून रस्ता सपाट करताना. धप्प्याचे फोटो तर सगळेच काढतात. रहाड बुजवतानाचे कोणी काढत नाही, कारण तोवर सगळे अंघोळीला पळालेले असतात. फाइलीला तारीख आणि गल्लीचे नाव नीट द्या. आणि ज्याच्याकडे फोन असेल त्याला रहाडीच्या कडेला उभे करू नका. नाशकात कोणी कोणाला विचारून ढकलत नाही.